धाकटीचं वजन

काट्यावर आलेला आकडा तराजूताईंनी आधी चष्म्यातून वाचला, मग चष्मा काढून वाचला, मग काच पुसून पुन्हा वाचला. आकड्याला त्याचं काहीच नव्हतं. खालच्या लाकडी घोडीचं वजन वजा जाता धाकटी भरत होती नव्वद किलो तीनशे दहा ग्रॅम.

मागच्या मंगळवारी हीच धाकटी एकोणनव्वद किलो नऊशे चाळीस भरली होती. म्हणजे आठवडाभरात पोरगी तीनशे सत्तर ग्रॅमनी अंगाने भरली, आणि तेही काही न खातापिता.

धाकटी म्हणजे विमान. बॅटरीवर उडणारं, आपलं आपण जाऊन आपलं आपण परत येणारं, आत बसायला कुणी नसलेलं. तिच्या पोटाखाली एक खाच होती. त्या खाचेत सकाळी औषधांची पेटी अडकवायची, की ती डोंगरापलीकडच्या दवाखान्यात पोचवून यायची. दुपारी तिथेच फवारणीची टाकी अडकवायची, की बागांवरून एकसारखी तुषार मारत फिरायची. पोट बदललं की काम बदललं, अशी सगळी करामत. फक्त सरकारी नियम असा होता, की रिकामं वजन नव्वद किलोच्या आत पाहिजे. एक ग्रॅम वर गेला तरी विमान मोठ्या वर्गात जाणार, आणि मोठ्या वर्गाच्या चाचण्या दोन वर्षं चालणार. डोंगरापलीकडचे चार दवाखाने तोवर थांबणार नव्हते, हे त्यांनी स्वच्छ कळवलं होतं. आणि तपासणीचे निरीक्षक उद्या सकाळी दहाला येणार होते.

तराजूताईंचं हे नाव त्यांच्या तोंडावर कुणी घेत नसे. तोंडावर त्या नुसत्या ताई. बावीस वर्षं पोस्टात पार्सलच्या खिडकीवर काढलेली बाई. लोकांनी आणलेलं पुडकं हातात घेऊनच त्या वजन सांगायच्या आणि काटा बिचारा मान डोलवायचा. नोकरी संपल्यावर धाकट्या भावाने त्यांना आपल्या या पत्र्याच्या शेडमध्ये आणलं, ते वजनाची वही सांभाळायला. त्या दिवसापासून शेडमधल्या माणसांचं सुख संपलं. ताई स्क्रू तोलायच्या, डिंक तोलायच्या, रंगाचा डबा काम सुरू होण्याआधी आणि संपल्यावर तोलायच्या. एकदा धाकटीला ओल्या फडक्याने पुसलं, तर ते फडकंही त्यांनी तोललं होतं. कुणी एखादा आकडा सांगितला तर "बरं" म्हणायच्या आणि वस्तू स्वतः काट्यावर टाकायच्या. दुसऱ्याच्या आकड्यावर विश्वास ठेवणं हा त्यांच्या मते आळसाचाच एक प्रकार होता.

इतकं करूनही वहीत एक रकाना त्यांना छळत होता. सगळ्या भागांची बेरीज आणि अख्ख्या धाकटीचं वजन यांत तीनशे पंधरा ग्रॅमचा फरक यायचा. त्याच्यापुढे त्यांनी नाइलाजाने लिहिलं होतं, 'इतर'. हा 'इतर' कोण, ते त्यांना ठाऊक नव्हतं, पण तो या शेडमध्येच जेवतो याबद्दल त्यांना शंका नव्हती. महिनोनमहिने तो तीनशे पंधराच होता, म्हणून त्या दात-ओठ खाऊन गप्प होत्या. आता मात्र तो माजला होता.

"मोटारी बंद करा, हातातलं खाली ठेवा आणि सगळे इथे या," ताई म्हणाल्या.

सगळे म्हणजे पाच जण. ज्याने विमान आखलं तो भाऊ, म्हणजे ताईंचा धाकटा भाऊ. त्याची बायको, बॅटऱ्या बघणारी, जिला सगळी शेड वहिनी म्हणायची. ताईंचा आणि भाऊचा सख्खा मामा, आयुष्यभर दुकानांच्या पाट्या रंगवून आता विमानाला रंग देणारा. विमानाला डोकं देणारी कोडवाली, जी दिवसभर कानात काहीतरी घालून बसायची. आणि वायरमन. हा दिवसाला फार तर दहा शब्द बोलायचा, त्यातले चार "ताई, पक्कड दिसली का?" हेच असायचे.

ताईंनी टेबलावर एक रिकामं घमेलं आपटलं.

"आठवड्यात तीनशे सत्तर ग्रॅम वाढलेत. विमानात कुणी काय घातलंय ते या घमेल्यात आणून टाकायचं. जेवायच्या सुट्टीपर्यंत जो कबूल करेल त्याला माफी. नंतर सापडलं, तर उद्या निरीक्षकांसमोर त्याला मी स्वतः काट्यावर उभं करीन आणि आकडा मोठ्याने वाचीन."

या शेवटच्या वाक्याने भाऊच्या पाचावर धारण बसली. लग्नाच्या वेळचा कोट त्याला आता एका दंडात बसायचा. तो घसा खाकरत उठला, धाकटीच्या पोटातून एक पितळी पट्टी खोलून घेऊन आला आणि आवाज न करता घमेल्यात ठेवली. पट्टीवर सुबक अक्षरात 'धाकटी' असं कोरलेलं होतं. पंचाऐंशी ग्रॅम.

"पितळ?" ताईंनी कपाळाला हात लावला. "अरे, मी बायकांच्या अंगठ्या काढून ठेवायला लावते आणि तू पितळ घालतोस?"

"थोरलीच्या अंगावर नाव नव्हतं, ताई. ती पडली तेव्हा त्या शेतकऱ्याने फोन करून विचारलं, कुणाचं काय पडलंय म्हणून सांगू? मला ते फार लागलं होतं."

थोरली हे यांचं पहिलं विमान. दोन वर्षांपूर्वी ते कोबीच्या शेतात पडलं. आत कुणी नव्हतं, त्यामुळे मेले ते अकरा कोबी. पण शेपटीकडची वायर थरथरून निसटली म्हणून ते पडलं, हे अहवालात आलं, आणि अहवालात न आलेली गोष्ट ताईंना माहीत होती. त्या वायरीला वायरमनने ती जखडून ठेवणारे दोन क्लॅम्प लावले होते. "एकाने भागत नाही का?" असं म्हणून त्यातला एक ताईंनीच काढायला लावला होता. बारा ग्रॅमचा क्लॅम्प. त्या दिवशी वहीत बारा ग्रॅम वाचल्याची नोंद करताना त्यांना केवढा आनंद झाला होता. यावर कुणी कधी एक शब्द काढला नाही, आणि न विचारता आपण होऊन बोलायचं धैर्य ताईंना झालं नाही. दोन वर्षं त्या हे पोटात घेऊन फिरत होत्या, आणि त्याचं वजन कुठल्याच काट्यावर दिसत नव्हतं.

"पुढचा कोण?" त्यांनी विचारलं.

वहिनी उठल्या. बॅटऱ्यांच्या कप्प्यात हात घालून त्यांनी बाहेर काढली ती चक्क एक दुलई. न जळणाऱ्या कापडाची, आत पातळ अस्तर, कडेने बारीक टाके घातलेली. ब्याण्णव ग्रॅम.

"वर हवा गार असते, ताई. बॅटरी गारठली की कामचुकारपणा करते. तुम्हाला सांगितलं असतं तर तुम्ही म्हणाला असता, उडताना गरम होईल आपोआप."

"म्हणालेच असते," ताई म्हणाल्या आणि दुलईवरून नकळत हात फिरवला. टाके खरोखर सुंदर होते.

कोडवालीने कानातलं काढलं, तेव्हाच सगळ्यांना कळलं की मामला गंभीर आहे. "माझ्या कामाला वजनच नसतं" हे वाक्य ती गेलं वर्षभर सगळ्यांना ऐकवत आली होती. आता तिने नाकाडाच्या आतून काडेपेटीएवढा एक दुसराच कॉम्प्युटर सोडवून आणला. वायरींसकट चौसष्ट ग्रॅम.

"हा काय करतो?"

"काही नाही, ताई. पहिला गप्प झाला तर हा एकच गोष्ट करतो. तिला घरी घेऊन येतो."

"म्हणजे पहिल्यावर तुझा भरवसा नाही?"

"पहिल्यावर आहे. तो लिहिणारीवर नाही."

मामाने मात्र कानांवर हात ठेवले. "माझा रंग तू थेंबाथेंबाने तोललास. तीन हात दिलेत, तिन्ही तुझ्या वहीत आहेत. या ब्रशची शप्पथ, मी विमानात काही घातलेलं नाही."

"आणि विमानावर?"

मामाने ब्रशकडे पाहिलं. मग पंखांच्या कडेला चिकटवलेली चकचकीत चंदेरी पट्टी हळूहळू सोलून काढली. सोलताना त्याचं तोंड असं झालं होतं, की जणू स्वतःचीच मिशी उपटतोय. पन्नास ग्रॅम.

"उन्हात काय चमकायची," तो म्हणाला. "पाखरं लांबूनच बाजूला झाली असती."

ताईंनी वहीच्या कोपऱ्यात बेरीज केली. दोनशे एक्याण्णव. तीनशे दहातून वजा जाता अजून एकोणीस ग्रॅम जास्तच होते. सगळ्यांच्या माना एकदम वळल्या त्या वायरमनकडे. तो भिंतीला टेकून पक्कड उघडमीट करत होता.

"माझ्याकडे काही नाही," तो म्हणाला. तीन शब्द.

"नीट आठव रे," भाऊ काकुळतीला आला. "एकोणीस ग्रॅमसाठी दोन वर्षं जातील."

वायरमनने एकदा ताईंकडे पाहिलं, मग जमिनीकडे, आणि मग तो धाकटीच्या शेपटीखाली शिरला. पाचसात मिनिटं नुसता आवाज येत होता. बाहेर आला तेव्हा त्याच्या तळहातावर दोन जादा क्लॅम्प होते. त्याने ते घमेल्यात टाकले नाहीत. अलगद ताईंच्या पुढ्यात वहीवर ठेवले.

काट्यावर ठेवायची गरजच नव्हती. बारा आणि बारा.

"झालं!" भाऊने टाळी वाजवली. "चोवीस! एकोणीस पाहिजे होते, चोवीस मिळाले! पाच ग्रॅमने सुटलो! ताई, लिही!"

ताईंनी पेन उचललं नाही. त्या क्लॅम्पकडे बघत राहिल्या.

"हे कधीपासून आहेत?" त्यांनी विचारलं.

"पहिल्या दिवसापासून," वायरमन म्हणाला.

"मग मला सांगितलं का नाहीस? याला तरी मी नाही म्हटलं नसतं."

वायरमनने त्या दिवसाचे उरलेसुरले सगळे शब्द एकदम खर्चून टाकले. "नोंद केली असती तर तुम्हाला रोज वहीत दिसले असते, ताई. रोज वाईट वाटलं असतं."

ताईंनी दोन्ही क्लॅम्प उचलून त्याच्या तळहातावर परत ठेवले.

"परत लाव," त्या म्हणाल्या. "दोन्ही."

"ताई, अगं, एकोणीस ग्रॅम!" भाऊ कळवळला. "दवाखाने जातील हातचे. शेडला कुलूप लागेल."

"लागू दे. मी पुन्हा पोस्टात पार्सलं तोलीन. पण हे आज काढायला लावणार नाही." त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "थोरली माझ्यामुळे पडली. तिचा क्लॅम्प मी काढायला लावला होता. दोन वर्षं मी मूग गिळून बसले. आज सगळ्यांसमोर सांगते."

कुणी चकित झालं नाही. उलट सगळ्यांनी एकमेकांकडे असं पाहिलं, की आता कुणी बोलायचं. शेवटी मामाच बोलला.

"अगं, ते आम्हाला त्याच आठवड्यात कळलं होतं. वायरीचं अहवालात आलं, आणि क्लॅम्पचं तू सगळ्यांसमोरच म्हणाली होतीस ना."

"मग बोलला का नाहीत?"

"काय बोलायचं?" वहिनी म्हणाल्या. "रोज सकाळी सगळ्यांच्या आधी येऊन शेपटीची वायर ओढून बघत होतात तुम्ही. दिसत होतं आम्हाला."

ताईंच्या डोळ्यांतून पाणी आलं आणि त्यांनी ते लपवलं नाही. मग मात्र त्यांनी तेच केलं, जे त्या मन थाऱ्यावर नसलं की नेहमी करायच्या. वही ओढली आणि बेरीज मांडली. पितळ पंचाऐंशी, दुलई ब्याण्णव, कॉम्प्युटर चौसष्ट, पट्टी पन्नास, क्लॅम्प चोवीस. एकूण तीनशे पंधरा.

त्यांनी बेरीज पुन्हा केली. तीनशे पंधरा. त्यांनी चष्मा लावला.

"हे तर माझं 'इतर' आहे," त्या सावकाश म्हणाल्या. "ग्रॅमनग्रॅम. हे मागच्या मंगळवारीही आतच होतं. सगळी पापं जुनी निघाली! मग या आठवड्यातले तीनशे सत्तर कुठायत?"

वायरमन क्लॅम्प परत लावताना धाकटी हलू नये म्हणून चौघांनी मिळून तिला घोडीवरून उचललं आणि सतरंजीवर ठेवलं. घोडी तशीच काट्यावर उभी राहिली. ताई विचार करत तिला हात टेकून उभ्या राहिल्या, आणि त्यांचा हात आत गेला. घोडी मऊ लागली.

लाकडी घोडी मऊ लागायचं काही कारण नव्हतं. ताईंनी वाकून पाहिलं. दोन्ही आडव्या फळ्यांवर जाड रबर ठोकलेलं, त्यावर गुबगुबीत कापड, आणि कापड फळीच्याच रंगाने इतकं बेमालूम रंगवलेलं, की हात लावल्याशिवाय समजू नये.

"मामा," ताई म्हणाल्या, "हे काय आहे?"

"ते होय? तिच्या पोटाला ओरखडे पडत होते गं. तीन हात दिलेत मी, ओरखडे कसे बघवतील? बुधवारी गादी करून टाकली."

"मघाशी शप्पथ घेतलीस ना तू?"

"तू विचारलंस, विमानात काय घातलं, विमानावर काय घातलं. विमानाखालचं कुठे विचारलंस?"

घोडीच्या पायावर ताईंच्या स्वतःच्या हाताने, लाल रंगात, ठळक लिहिलेलं होतं: चौदा किलो दोनशे. दर वेळी काट्याच्या आकड्यातून त्या हेच वजा करत आल्या होत्या. आता मोकळी घोडी काट्यावर होती, आणि काटा दाखवत होता चौदा किलो पाचशे सत्तर.

जगातल्या प्रत्येक माणसाचा आकडा तपासून घेणाऱ्या ताईंनी एकच आकडा कधी पुन्हा तपासला नव्हता, तो स्वतःचा.

"म्हणजे धाकटी जाडी झालीच नव्हती," कोडवाली हळूच म्हणाली.

"नाही," ताई म्हणाल्या. "गादी झाली होती." आणि त्यांना हसू फुटलं. एकदा फुटलं ते आवरेना. आधी वहिनी हसल्या, मग भाऊ, मग शपथेतून सुटलेला मामा, आणि शेपटीमागून वायरमनचाही कसलातरी आवाज आला. तो हसण्याचा असावा, पण खात्रीने सांगायला आधी कुणी ऐकलेला नव्हता.

मग घमेल्याभोवती झुंबड उडाली. "माझी पट्टी!" "दुलई चुरगाळू नका!" "ती वायर ओढू नकोस रे!" ताईंनी वहीचा कोपरा टेबलावर आपटून सगळ्यांना रांगेत उभं केलं. प्रत्येकाने आपली वस्तू काट्यावर ठेवायची, मोठ्याने नाव सांगायचं आणि मगच विमानात घालायची. वहीतला 'इतर' त्यांनी आडवी रेघ मारून खोडला आणि खाली एकेक ओळ लिहिली. मामाने उरलेल्या साठ ग्रॅमांत रंगाचा चौथा हात बसतो का, असं विचारून पाहिलं. त्यावर पाचही जण एकदम "नाही" म्हणाले, आणि त्यातला एक आवाज वायरमनचा होता.

निरीक्षक दुसऱ्या दिवशी दहाच्या ठोक्याला आले. उंच, कडक इस्त्रीचे, स्वतःची वजनं स्वतःच्या पेटीत घेऊन फिरणारे. ताईंना माणूस पाहताक्षणी आवडला. आल्या आल्या ते म्हणाले, "आधी घोडी मोकळी तोला," आणि मामाने दुसरीकडे पाहिलं. मग धाकटी चढली. एकोणनव्वद किलो नऊशे चाळीस. निरीक्षकांनी आकडा दोनदा वाचून लिहून घेतला.

मग ती उडाली. चारी पंखे घुमले, ती सरळ वर गेली, जरा थांबली आणि पलीकडच्या माळाकडे निघाली. पेटी नेमून दिलेल्या चौकोनात ठेवून सात मिनिटांत परत आली. वायरमनने पेटीच्या जागी टाकी अडकवली. पुन्हा गेली, आणि मोकळ्या जमिनीवर साधं पाणी मारत, कडेला बरोबर वळत, एकही ओळ न चुकवता फिरली. चंदेरी पट्टी उन्हात खरंच चमकत होती. भाऊ तोंडाने आकडे मोजत होता. वहिनी आकाशाकडे न बघता बॅटरीच्या पडद्याकडे बघत होत्या. ताई बघत होत्या ती फक्त शेपटी. धाकटी उतरली, पंखे थांबले, आणि मगच त्यांनी श्वास सोडला.

सही करायच्या आधी निरीक्षकांनी वजनाची वही पहिल्या पानापासून वाचली. शेवटच्या पानावर ते थांबले.

"सुरेख ठेवलीय वही," ते म्हणाले. "फक्त एक सुचवतो. इथे लिहिलंय, शेपटीची वायर, जादा क्लॅम्प, दोन. नियमाला एकच लागतो. हे काढलेत तर चोवीस ग्रॅम वाचतील तुमचे."

शेडमधले पाचही जण ताईंकडे बघायला लागले. वायरमनने पक्कड खिशात घातली.

"नाही काढायचे," ताई म्हणाल्या.

"का बरं?"

"एकदा काढून बघितलाय, साहेब," ताई म्हणाल्या आणि त्यांच्यापुढे पेन धरलं.